टेंभुरडोहची इराणी बदनामी

ज्या गावात ग्रामसभेला कोणी जात नाही, ते गाव सुखी असते. घाटंजी तालुक्यातले टेंभुरडोह या कसोटीवर फारच सुखी गाव आहे. तिथली ग्रामसभा गेली अकरा वर्षे नियमित भरते, कारण ती नियमित तहकूब होते. नियम मोठा शहाणा आहे: सभेला ठरावीक माणसे जमली पाहिजेत, न जमल्यास सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला माणसांची अटच नाही. म्हणून टेंभुरडोहात सभा अकराला बोलावतात, साडेअकराला तहकूब करतात आणि बाराला तिघांच्या प्रचंड बहुमताने सगळे ठराव मंजूर होतात. (एकदा गारपिटीमुळे साठ माणसे समाजमंदिरात शिरली होती. सभा रद्द करावी लागली.)

हे तिघे म्हणजे सरपंच वच्छलाबाई, तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष बापूजी आणि कागद लिहायला मोनाली. मोनाली पंचायतीत संगणकावर बसते, अकरा महिन्यांच्या करारावर. दाखले देणे, अर्ज भरणे आणि म्हाताऱ्यांचे अंगठे मशीनला पटवून देणे ही तिची कामे. ती नोकरी तिला मनापासून आवडत होती आणि कराराची मुदत एकतीस तारखेला संपत होती. मुदतवाढ ग्रामसभा देते, म्हणजे कोण देते ते वर आलेच आहे.

तर जेवणाच्या सुट्टीत (सुट्टी अकरा ते चार) मोनालीला मोबाइलवर एक इराणी विनोदी मालिका सापडली. बोलणे फारसीत, खाली हिंदी पाट्या. नकाशात नसलेले एक गाव आहे आणि तिथल्या लोकांची खात्री आहे की जगातली सगळी अक्कल त्यांच्याच विहिरीतून उपसली जाते. वाऱ्याने वाहू नये असा ते ठराव करतात आणि वारा दमून थांबला की स्वतःचा सत्कार करून घेतात. तिथे भांडणे मिटवायला एक म्हातारा नेमलेला आहे. तो आधी दोघांना नीट भांडायला लावतो, नाहीतर बिचाऱ्याने मिटवायचे काय? नवव्या भागात तिथली पंचायत भरते. मिशीवाला मुखिया आधी सगळ्यांना घरी पाठवतो आणि मग रिकाम्या अंगणाला विचारतो, "कोणाचा विरोध आहे?"

मोनाली इतकी हसली की चहा नाकातून आला. त्या भरात तिने मालिका गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ग्रुपचे नाव ‘आपलं टेंभुरडोह (फक्त महत्त्वाचे)’.

चार दिवसांतली आकडेवारी पुढीलप्रमाणे. एकूण घरे दोनशे चौदा. मालिका पाहिलेली घरे दोनशे अकरा. (उरलेल्या तीन घरांचा रिचार्ज संपला होता, त्यांना शेजाऱ्यांनी भिंतीवरून सांगितली.) मालिकेत शेजारी ओळखणारे, सहाशे सात. नातेवाईक ओळखणारे, पाचशे नव्वद. नातेवाईक बहुतांशी सासरकडचे. स्वतःला ओळखणारे, निरंक.

पाचव्या दिवशी बापूजी कार्यालयात आले. दार लोटून घेत म्हणाले, "पोरी, थो मुखिया पाह्यला काय? मिशी काढली तं हुबेहूब वच्छलाबाई!"

ते गेले आणि वच्छलाबाई आल्या. "वं मोनाली, थो भांडणं लावणारा बुढा? बापूजीच होय. टोपी तेवढी बदलवली."

मोनालीने दोघांनाही मान डोलावली. कंत्राटी माणसाची मान त्यासाठीच असते. पण दुसऱ्या दिवशी दोघे एकत्र आले. दोघांनीही नववा भाग पाहिला होता.

"हासनं ठीक हाय," बापूजी म्हणाले, "पन तहकूब सभेचं इराणले मालूम कसं झालं? थे तं आपल्या तिघाइतच होतं."

प्रश्न बिनतोड होता. तिघांपैकी दोन पदाधिकारी, आणि पदाधिकारी फुटत नसतात. वच्छलाबाईंनी सरळ सांगून टाकले, "एकतीसच्या आत खबऱ्या सापडला पायजे. नाही तं मुदतवाढीचं मंग पाहू."

पहिला संशयित हिरासिंग. हा तांड्यावरचा. दोन वर्षे दुबईला क्रेन चालवून आलेला, म्हणजे गावातला इराणच्या सगळ्यात जवळ जाऊन आलेला इसम.

"मी दुबईले गेलतो, इराणले नाही!" हिरासिंग कळवळून म्हणाला.

"पन बाजू तं तिकडचीच ना?"

"दोन साल वरतंच बसून होतो, सरपंचबाई. खाली उतरलो कवा, तं सांगू कोणाले?"

हे नोंदवून घेण्यात आले आणि समजले नाही म्हणून चौकशी समिती नेमण्यात आली. पुराव्यासाठी सर्वच्या सर्व ब्याण्णव भाग पाहावेत असे समितीने ठरवले. शाळेच्या कपाटात एक प्रोजेक्टर होता. खराब होऊ नये म्हणून तो आजवर खोक्यातून काढलाच नव्हता. तो समाजमंदिरात लावला. वेळ रोज दुपारी दोन ते पाच, आणि चौकशी गंभीर असल्याने हसण्यास मनाई.

पहिल्या दिवशी तीनशे बारा माणसे आली. तिसऱ्या दिवशी बाया घरून फल्लीदाणे घेऊन आल्या. एकमेकांकडे बोटे दाखवण्यात वरची आळी आणि खालची आळी पहिल्यांदाच एक झाली. हजेरीची वही भरली तेव्हा मोनालीच्या लक्षात आले की अकरा वर्षांत गावात कोरम असा गारपिटीशिवाय प्रथमच पुरा झाला आहे. तिने ते वच्छलाबाईंना दाखवले. बाईंना घाम फुटला.

एकतीस तारखेला शेवटचा भाग होता आणि खबऱ्या सापडलेला नव्हता. मोनाली मागे उभी होती. मुदतवाढीचा कोरा कागद तिने घडी करून पर्समध्ये ठेवला होता, आणि तिला खरोखर रडू येत होते.

पडद्यावर त्या गावात एक फेरीवाला आला. म्हणाला, दूरदेशी एक तमाशा चालतो, त्यातले गाव थेट तुमच्यासारखे आहे. गाव खवळले. आमची गोष्ट बाहेर फोडली कोणी? त्यांनी समिती नेमली. कधीकाळी परदेशी गेलेला एक उंटवाला धरून आणला. मग पुराव्यासाठी सगळे गाव तो तमाशा पाहायला ओळीने बसले.

समाजमंदिर हसून हसून लोळले. हिरासिंगने मांडीवर थापा मारल्या. वच्छलाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "कसे येडे लोक हायत वं माय!"

ते वाक्य मोनालीने हवेतच झेलले. पुढे येऊन ती म्हणाली, "सरपंचबाई, मंग हे गाव आपलं कसं असन? एवढी येडी मानसं आपल्याकडे हायत काय?"

मग तीनशे बारा छात्यांतून एकदम हुश्श निघाले. मालिकेतील गाव टेंभुरडोह नसून शेजारचे वाघझिरी असल्याचा ठराव भर कोरममध्ये एकमताने मंजूर झाला. फाईल पुढील योग्य कार्यवाहीस्तव वाघझिरीला पाठवायचे ठरले. आणि पाठवायची तर जावक क्रमांक घालायला कोणीतरी हवेच, म्हणून मोनालीला मुदतवाढही मिळाली.

वाघझिरीने चौकशी करून फाईल पुढच्या गावाला धाडली. तशी ती झरी जामणीच्या जंगलातून फिरून पार नेरपर्यंत गेली. प्रत्येक गावाचा शेरा एकच: ‘आमचे नाही. शेजारचे.’

तसे मालिकेत एक पोरगीही आहे. ती सगळ्यांच्या वेडेपणाची वही लिहिते, ओठ दाबून हसते आणि समजते की गावात शहाणी काय ती आपणच. मोनालीने तिला पहिल्याच भागात ओळखले होते. नेरची मामेबहीण उर्वशी. हुबेहूब.

फाईलसोबत एक तक्ता जोडला आहे. त्यात फक्त ओळखू आलेल्या इसमांची नावे लिहायची आहेत. ‘स्वतः’ असा रकाना आधी होता. वापर नसल्याने तो काढून टाकला. इथवर वाचताना दोन-तीन नावे तुमच्याही मनात येऊन गेली असतील, ती तेवढी स्वच्छ अक्षरात भरा. फाईल सध्या तुमच्याकडे आहे.