सुनेचा स्विच नि माझा स्क्रूड्रायव्हर

आधीच सांगून ठेवते, स्क्रू पिळण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय! शाळेत मी फार काळ टिकले नाही, पण शिलाई मशीन डोळे मिटून खोलते नि डोळे मिटूनच जोडते. उभ्या जन्मात एकच गोष्ट शिकले: यंत्र कुरकुरायला लागलं की समजावं, कुठला तरी स्क्रू सैल आहे. माणसांचंही तसंच, पण ते जाऊ दे.

आमच्या सुनेकडे सिंथेसायझर नावाचं एक धूड आहे. कपाटाची शिवण उसवून आतडी बाहेर काढावीत, तसं दिसतं! नुसती बटणं, भोकं, नि या भोकातून त्या भोकात गेलेल्या रंगीत वायरी. त्यातून ती वारा वाजवते, पाऊस वाजवते, कारखाना वाजवते. गाणं सोडून सगळं!

त्या दिवशी सकाळपासून घरात कुणाचा पाय ठरत नव्हता. एका नाटकाचे दिग्दर्शक ऐकायला येणार होते. पसंत पडलं तर नव्या नाटकाचं सगळं संगीत सुनेकडे! चांगली नोकरी सोडून पोरगी या धुडामागे लागलेली, नि पहिल्यांदाच कुणीतरी आपण होऊन दारात येत होतं. ती टेबलावर एक उघडी पट्टी घेऊन गरम सळईने डाग देत बसली होती.

"आता आणखी काय उसवलंस?"

"आई, हा स्विच आहे. बोटाने नाही, विजेच्या दाबाने बदलतो. मी त्यात फेरफार करून माइक जोडलाय. नाटकात नायिका ओरडली की हा लाल दिवा लागणार, नि वारा जाऊन वादळ सुरू होणार. पुन्हा ओरडली की दिवा बंद, परत वारा."

"एवढा खटाटोप? त्यापेक्षा बटण दाबायला एक बाई ठेवा की!"

सून हसली. मग त्यातल्या एका बारक्या पितळी स्क्रूबद्दल काहीतरी सांगायला लागली, पण मला तेवढ्यात गॅसवरचं दूध आठवलं. परत आले तर म्हणाली, "आई, रागावू नका हं. ते आले की घरात जरा... शांतता हवी."

"म्हणजे? मी बोलते की काय?"

आमच्या ह्यांना नेमका तेव्हाच ठसका लागला.

ती कपडे बदलायला गेली. मी आपली टेबल पुसत होते. पुसता पुसता त्या पितळी स्क्रूला नख लागलं, नि तो चक्क फिरला! सैल! अहो, परका माणूस घरी येणार नि पोरीचं यंत्र ऐन वेळी खुळखुळणार? मशीनच्या खणातून माझा बारका स्क्रूड्रायव्हर काढला नि लागले पिळायला. पिळतेय, पिळतेय, मेला घट्टच होईना! पण मी काय सोडते? शेवटी आतून टिक-टिक झालं. म्हटलं, बसला जागेवर!

दिग्दर्शक आले. दाढी छातीपर्यंत, हाताची घडी, चेहरा उधारी मागायला आल्यासारखा. मी स्वयंपाकघराच्या दारात रुमाल तोंडात धरून उभी. आज आपण मुक्या!

सुनेने वारा सुरू केला. छान सूं सूं. मग माइककडे वळून ओरडली, "थांब!"

वारा चालूच.

टाळ्या वाजवल्या. वारा. दाढीवाले स्वतः उठले नि रंगमंचावर असल्यासारखे गरजले, "ये, वादळा, ये!" वारा! ह्यांनाही जोर आला. पण माझ्यासमोर इतकी वर्षं आवाज गिळून गिळून आवाज उरलाय कुठे? "ओ," म्हणाले. त्याने माशीसुद्धा उडाली नसती.

माझी जीभ नुसती वळवळत होती. या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. दाढीवाल्यांनी घड्याळ बघितलं, उठले. सुनेचे डोळे भरून आले. नि त्यांना निरोप द्यायच्या गडबडीत ह्यांनी हातातला ओला पेला ठेवला कुठे? माझ्या मशीनच्या पॉलिश केलेल्या झाकणावर!

"अहोऽऽ! माझ्या मशीनवर ओला पेला!!!"

धडाडधूम! लाल दिवा लागला, खिडक्या थरथरल्या, ह्यांनी घाईने उचललेला पेलाच हातून पडला!

"अगं बाई! बंद कर ते!" मी किंचाळले. वारा.

दाढीवाले खाली बसले. "पुन्हा करा!"

"मी काय तुमच्या पगारावर आहे?" वादळ!

"अगं, ओरडू नकोस," हे.

"मी ओरडत नाहीये!" वारा.

दाढीवाल्यांनी टाळ्या पिटल्या. "काय जिवंत वादळ आहे! संगीत तुमच्याकडेच!"

ते गेल्यावर सुनेने पट्टी उलटसुलट करून बघितली. "आई, हा स्क्रू कुणी फिरवला?"

"सैल होता गं..."

"तो सैलच असतो! किती मोठ्या आवाजाला स्विच बदलायचा, ते त्यावर ठरतं. हा पार टोकाला गेलाय. एवढा आवाज काढायला आख्खी नाटकमंडळी लागेल!"

"मंडळी कशाला?" हे म्हणाले. "घरात आहे की!"

नाटकासाठी तिने स्क्रू मागे फिरवला. पण आयुष्यात कुणाकडे काही न मागणाऱ्या ह्यांनी सुनेकडे तस्साच दुसरा स्विच मागून घेतला. वारा नाही, वादळ नाही, नुसता लाल दिवा. नि स्क्रू मी पिळला होता तिथेच! आता तो दिवा जेवायच्या टेबलाच्या वरच्या फळीवर असतो.

काल मी अगदी मऊ आवाजात म्हटलं, "अहो, काढा की तो दिवा. मी कधी ओरडते का?"

दिवा लागला नाही. ह्यांनी मान खाली घातली नि घास घेतला.

"बघा! सांगत नव्हते मी?"

लागला.