अपडेटवरचा पहारा

ईशान आणि विहान, तुमच्या या आजीच्या इमारतीत सकाळी शिट्टी वाजली तर चोर आलेला नसतो. संगणकाचं नवं अपडेट येणार अशी अफवा आलेली असते.

शिट्टी वाजवतात ते तिसऱ्या मजल्यावरचे सुभेदार जगताप. फौजेत सगळी नोकरी त्यांनी बिनतारी संदेशाच्या तुकडीत काढली. साताऱ्यात येऊन पंधरा वर्षं झाली, तरी संदेश घेणं सुटलेलं नाही. गळ्यात एक दोरी, तिच्यात शिट्टी आणि पेन ड्राइव्ह शेजारी शेजारी. जिन्याच्या वळणावर उभे राहून ते जाहीर करतात, "खबर पक्की हाय. आर्डर तेवढी यायची हाय. आपापल्या मशीनचा बॅकअप घ्या, मग रिस्टार्ट मारा."

तिथून ते थेट माझ्या दारात येतात, कारण अफवा इंग्रजीत असतात. परदेशी मंडळी संगणकावर जिथे गप्पा मारतात तिथून ते शब्द वहीत उतरवून आणतात.

"आवं बाई, हे 'इमिनंट' म्हंजे आलं का येणार?"

"अगदी येण्याच्या बेतात."

"आन् 'अलेजेडली'?"

"म्हणे."

"म्हंजे, येण्याच्या बेतात हाय म्हणे." त्यांनी लिहून घेतलं. "मग आपल्या गावातल्या समद्याच बातम्या अलेजेडली की वो."

मला आता या शिट्टीची सवय लागली आहे. दोन आठवडे वाजली नाही तर मीच विचारते, सुभेदार, काही खबर? नव्या आवृत्तीत खिडक्यांचे कोपरे गोल होणार, जुनी मशीनं बाद होणार, बटणं डावीकडून मधे सरकणार. यातलं निम्मंही खरं होत नाही, पण ऐकताना चहा गार होतो हे खरं.

पेन ड्राइव्हमध्ये त्यांचा दारूगोळा असतो. सगळ्या फुकट मिळणाऱ्या युटिलिटी, म्हणजे छोटे, कामाचे प्रोग्रॅम. "फुकट हाय, पण फालतू न्हाई," असं म्हणूनच ते एकेक बसवतात. एकीने माझ्या संगणकातली जागा कोणी खाल्ली ते रंगीत चौकटींत दाखवलं. दुसरीने मी चुकून पुसलेली लोणच्याची प्रमाणं परत आणली. तिसरी एकसारखे फोटो शोधून काढते, आणि तिने तुम्हा जुळ्यांना एकच ठरवलं. "यातले निम्मे पुसू का?" असं ती विचारत होती. सुभेदारांनी तिला बंद केलं आणि दोन दुपारी बसून चारशे फोटो स्वतः वेगळे केले. "कानाजवळ तीळ हाय तो इशान," म्हणाले. "मशीनला माणूस वळखू येत न्हाई, बाई." विहान, तुझे एकशे नव्वदच निघाले, आणि त्यांत हसरे थोडेच. जरा जास्त हसत जा.

जगाला रिस्टार्टचा उपदेश करणाऱ्या या माणसाचा स्वतःचा संगणक मात्र मी कधी पाहिला नव्हता. तो योग मागच्या मंगळवारी आला. त्या दिवशी शिट्टी वाजली नाही. सुभेदार इस्त्रीच्या शर्टात, किल्ली घेऊन दारात उभे.

"बाई, पोस्ट सांभाळाल का, माझ्या मशीनपाशी? आज सांजच्यापातुर."

त्यांच्या पत्नी शालनताई आठ महिन्यांपूर्वी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. आमच्याकडे लिफ्ट नाही, म्हणून त्या तेव्हापासून लेकीकडे कवठे महांकाळला, तळमजल्याच्या घरात असतात. सुभेदार दर रविवारी पहाटे जातात आणि त्याच दिवशी परत येतात. लेकीकडे मुक्काम करायला लाजतात, असं आम्ही समजायचो. या खेपेला तपासणी मंगळवारी आली होती. जिना चढता येईल का, ते डॉक्टर आज सांगणार होते.

"जावंच लागतंय. आन् नेमकं आजच अपडेट हाय. ह्या खेपेला विचारणार न्हाई, थेट रिस्टार्ट मारणार म्हणत्यात."

"मारू दे की. तुम्हीच तर सांगता."

"माझ्या मशीनला न्हाई मारायचं," एवढंच म्हणून ते उतरले.

वर त्यांच्या घरात टेबलावर माझ्यासाठी लेखी हुकूम होता. बंद करायचं नाही. वीज गेली तर बॅटरी तासभर चालते, घाबरायचं नाही. खिडकी आली तर 'नंतर' दाबायचं. पडदा झोपू नये म्हणून एक युटिलिटी चालू होती. पडद्यावर पत्त्यांचा डाव होता, एकट्याने लावायचा, अर्धा झालेला. हुकमाच्या तळाशी लिहिलं होतं, शालनताई पडल्या त्या सकाळी खेळत होत्या तो.

तेव्हा कुठे मला सगळ्या अफवांचा अर्थ लागला. रिस्टार्ट झाला की डाव गेला. अपडेट कधी येतंय हे सगळ्यांच्या आधी कळायला हवं, म्हणजे ते थोपवता येतं. आठ महिने हा माणूस पहाऱ्यावर होता.

तुम्हाला माहीत आहे, अर्धवट काही ठेवलेलं मला चालत नाही. बदामाची सत्ती किलवरच्या अठ्ठीवर जात होती आणि तिच्याखाली एक पत्ता उघडणार होता. माझा हात माउसवर गेला. मी तो उचलून मांडीवर ठेवला.

बाराच्या सुमारास फोन आला. "बाई, रिपोर्ट?"

"डाव जागेवर आहे. इंटरनेटची वायर काढून का ठेवत नाही तुम्ही?"

"मग हिला संध्याकाळी डाव कसा दावायचा? रोज सहाला दावतो. पडदा दावायची युटिलिटी हाय."

"तसलंच काहीतरी बसवून शालनताई तिकडून खेळतीलही."

"व्हय, ती पण हाय फुकट. नको म्हणती."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"जिना न्हाई म्हणाले. अजून सहा महिने तरी न्हाई." मग आवाज लांबून आला, "घे, तूच बोल."

शालनताई फोनवर आल्या. "बाई, बदामाची सत्ती हाय न्हवं तितंच?"

"आहे. अठ्ठीवर जातेय."

"ठावं हाय मला. पहिल्या दिवसापासनं ठावं हाय." त्या हसल्या. "ऱ्हाऊ द्या. मी आल्यावर टाकीन."

फोन ठेवला आणि पडद्यावर खिडकी उगवली. अफवा खोटी ठरली होती, अपडेट विचारत होतं. आत्ता रिस्टार्ट करायचं, की नंतर आठवण करायची.

मी चष्मा पुसला, दोन्ही बटणं नीट वाचली आणि 'नंतर' दाबलं.