तीन गरनाळी

"मामा, औंदा दारूकाम नको," महादेवी म्हणाली.

भुजंगनं उजवा कान पुढं केला. डावा कान शोभेच्या दारूच्या धंद्यात कधीच गेला होता. "काय नको?"

"दारूकाम. धूर होतो, राख डोळ्यांत जाते, लेकरं दचकून रडतात. बागेच्या वाढदिवसाला मी पुण्याहून नवा खेळ मागवलाय. उजेडाचा. गाण्यावर रंग नाचतात. धूर न्हाई, आवाज न्हाई."

"आवाज न्हाई?" भुजंगला ते खरंच कळेना. "मग खेळ सुरू झाला ते कळतं कसं?"

महादेवीनं वडिलांकडं पाहिलं. वडील, चंद्रप्पा, सिमेंटच्या हत्तीकडं पाहत होते.

हा हत्ती चंद्रप्पांच्या 'चंद्रलोक' बागेचा. उदगीर आज ना उद्या जिल्हा होणार, जिल्हा झाला की साहेब लोक येणार आणि साहेबांची लेकरं खेळायला कुठंतरी जाणारच, या भरवशावर चंद्रप्पांनी बोरवाडीच्या माळावर ही बाग काढली होती. हत्ती आला, रहाटपाळणा आला, नावांसाठी तळं आलं; जिल्हा तेवढा आला नाही. फाटकावर 'भावी जिल्ह्याची शान' अशी पाटी होती आणि पाटी रंगवायची वेळ आली की 'भावी' हा शब्दही पुन्हा रंगवावा लागे. त्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली ते हे वर्ष. तळ्याला भेगा पडल्या होत्या आणि नावा भेगांवर तिरप्या होऊन बसल्या होत्या.

बागेचा वाढदिवस मात्र कधी चुकला नव्हता. त्या संध्याकाळी बोरवाडीला तिकीट नसे आणि भुजंगचं दारूकाम असे. ठिणग्या उधळणारी झाडं, चक्रं, बाण, आणि शेवटी उंच तारेवरून खाली झरणारा ठिणग्यांचा धबधबा. इतर गावांनी केव्हाच तयार फटाके आणायला सुरुवात केली होती. भुजंगच्या हातचं काम आता वर्षातून एकदा, याच बागेत, होत होतं. ते गेलं की सगळंच गेलं.

"आप्पा, तुम्ही बोला की," तो चंद्रप्पांना म्हणाला.

चंद्रप्पांना लेकीचं मन मोडवेना आणि भुजंगचंही. त्यांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. "असं करू. दोन्ही होऊ द्या. आधी जुना, मग नवा. पब्लिक ज्याला उभं राहून दाद देईल, तो पुढं चालू. बसून टाळ्या कोणीबी वाजवतंय. उभी राहिली पाहिजे."

भुजंगनं मान डोलवली आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. तो चक्रं भरत राहिला, बाणांच्या काड्या तासत राहिला. वाळलेलं गवत पेटू नये म्हणून दरवर्षी जमिनीवर पाणी मारत. यंदा त्यानं वाळू पसरली. त्याची बायको कोंडाबाई दारू भरलेले नळे सावलीत मांडत म्हणाली, "एवढी आग बघून लोकांचे घसे अजून कोरडे पडायचे. आधीच प्यायला न्हाई."

"लोक उभे राहतेत बघ," भुजंग म्हणाला. "पहिल्या दणक्यालाच उभे राहतेत."

आता इथं बोरवाडीची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वाडीला पाण्याचा टँकर येई, पण कधी येईल याचा नेम नसे. ग्यानोबा ड्रायव्हर सकाळी येई, नाहीतर भर उन्हात, नाहीतर दिवे लागल्यावर. तो टँकर गावच्या आटलेल्या विहिरीत रिकामा करी आणि मग ज्याचा पोहरा आधी त्याचं पाणी. उशिरा येणाऱ्याला गाळ. देवळाच्या भोंग्यावरून पुकारा करावा तर वीज नसे. तेव्हा याच उन्हाळ्यात भुजंगनंच तोड काढली होती. त्यानं विहिरीजवळच्या सटवाजीला आपल्या गरनाळी दिल्या, म्हणजे आवाजाचे मोठे बार. "एक वाजला तर कुणाची वरात असंल," त्यानं गावाला समजावलं होतं. "दोन वाजले तर कुणाला पोरगा झाला असंल. पण तीन वाजले, की टँकर आला समजायचं अन् हातातलं टाकून पळायचं."

गाव ते शिकलं होतं. तीन बार झाले की भाकरी तव्यावर राही आणि माणूस विहिरीवर.

आणि भुजंगच्या दारूकामाची सुरुवात, त्याच्या वडिलांपासून, तीन गरनाळींनीच होत असे. एक धरतीला, एक गावाला, एक बघणाऱ्यांना.

तुम्ही म्हणाल, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात कशी आली नाही? पण ज्याचं सगळं पणाला लागलेलं असतं, त्याला आपलंच बोलणं आठवत नाही. परीक्षेला बसलेल्या लेकराला विचारून पाहा.

वाढदिवसाची संध्याकाळ झाली. खुर्च्या भरल्या. पुढच्या रांगेत सगळ्यांत म्हाताऱ्या तुळजाबाई, त्यांच्या शेजारी पारूबाई, मागं सटवाजी. अंधार पडला तशी चंद्रप्पांनी खूण केली. भुजंगनं धरतीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि वात पेटवली.

पहिला बार झाला. लेकरांनी कान झाकले.

दुसरा झाला. पारूबाई सावरून बसली.

तिसरा झाला, आणि सगळी बोरवाडी उभी राहिली.

भुजंगनं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्याचा ऊर भरून आला. पण दारूकाम करणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं, हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. त्यानं मान खाली घातली आणि जीव ओतून झाडं पेटवली, चक्रं फिरवली, बाण सोडले. पावलांचा धडधडाट त्याच्या डाव्या बाजूनं गेला आणि त्या बाजूचा कान तर गेलेलाच होता. शेवटी तारेवरून धबधबा झरू लागला. असा धबधबा त्याच्याच्यानं आजवर झाला नव्हता. शेवटची ठिणगी विझली तेव्हा तो डोळे पुसत वळला.

समोर रिकाम्या खुर्च्या होत्या. काही उलट्या पडल्या होत्या. मधे चंद्रप्पा, महादेवी आणि सिमेंटचा हत्ती.

"उभे राहिले बाबा लोक," चंद्रप्पा हळूच म्हणाले. "मी न्हाई म्हणत न्हाई. पण उभे राहून गेले."

"कुठं गेले?"

"ते काय सांगून गेले न्हाईत."

भुजंग वाळूवरच बसला. महादेवीला त्याच्याकडं बघवेना. "मामा, मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. पण तिलाही प्रश्न पडला होता, नवा खेळ आता दाखवायचा कोणाला?

तिकडं सगळा गाव घरी शिरून घागरी, कळश्या, बादल्या घेऊन विहिरीवर जमला होता. विहीर ठणठणीत कोरडी. ग्यानोबाचा पत्ता नाही.

"सटवाजी, बार कामून उडवले रे?" पारूबाईनं विचारलं.

"मी कुठं उडवले? मी तर तुमच्या मागं बसलो होतो!"

"मग पळालास कामून?"

"सगळे पळाले की!" सटवाजीनं खिशातली काडीपेटी काढून दाखवली. ती त्याच्या खिशातच होती.

मग कोंडाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "आमच्याच माणसानं!" ती म्हणाली आणि घागर कंबरेवर तशीच घेऊन बागेकडं निघाली. तिच्यामागं सगळा गाव.

घोळका फाटकात शिरताना दिसला आणि महादेवीला हायसं वाटलं. लोक नव्या खेळासाठीच परतले, असं समजून तिनं बागेचा जनरेटर लावला आणि बटण दाबलं. पुण्याहून आलेल्या त्या खेळात रंगीत चित्रं हवेत थोडीच उमटणार? त्यांना पडदा लागतो, आणि हा पडदा पाण्याचा होता. वाळलेल्या तळ्यातून फुस्स आवाज आला आणि पाण्याची रुंद, उंच भिंत अंधारात उभी राहिली. तिच्यावर निळा मोर नाचू लागला.

कोणी टाळी वाजवली नाही. गावातल्या लहान लेकरांनी एवढं पाणी एका जागी कधी पाहिलं नव्हतं.

तुळजाबाई पुढं आल्या. "महादेवी माय, हे कुठलं?"

"बागेच्या बोअरचं, हौदात भरून ठेवलेलं," महादेवी म्हणाली. "तेच पाणी फिरून फिरून वर जातं, आज्जी. वाया जात न्हाई."

"गोड हाय?"

महादेवीनं बापाकडं पाहिलं. बाप जमिनीकडं पाहत होता. ती हळूच म्हणाली, "हाव. गोड हाय."

तुळजाबाईंनी काही दूषण दिलं नाही. त्या भेगाळलेल्या तळ्यात उतरल्या आणि मोराच्या पायाखाली घागर धरली. मग पारूबाई उतरली, मग सटवाजी, मग सगळेच. पडदा खालून फाटत गेला आणि चित्रं माणसांवर पडू लागली. मोर पारूबाईच्या पाठीवर नाचला. एक गलबत सटवाजीच्या टोपीवरून संथपणे निघून गेलं. गाणं चालू होतं. हौद रिकामा झाला तेव्हा पडद्याचा एक फाटका तुकडा उरला, तोही कोंडाबाईच्या घागरीत गेला.

चंद्रप्पा शब्दाचे पक्के. पण आता सगळेच उभे होते, तेव्हा ते खाकरले. "मंडळी, खेळाचा निकाल लावायचा हाय. नवा ज्यांना आवडला, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर आला नाही. सगळे हात घागरींत गुंतले होते.

"नवा चांगला हाय, आप्पा," तुळजाबाई म्हणाल्या. "रोज ठेवा."

भुजंगची मान खाली गेली. महादेवीनंच चाचरत विचारलं, "अन् जुना, आज्जी?"

"जुनाबी ठेवा. त्याबगर नवा सुरू झाला ते कळायचं कसं?"

मग उन्हाळाभर रोज संध्याकाळी चंद्रलोक बागेत तीन गरनाळी वाजत. पंप सुरू होई, गाव रांगेनं पाणी भरी. रंगीत दिवे पेटीत बांधून ठेवले होते आणि ते कुणाच्या लक्षातही नव्हते. महादेवी रांगेची भांडणं मिटवी. बार झाल्यावर भुजंगला दुसरं काम नसे, म्हणून तो म्हाताऱ्यांच्या घागरी उचलून देई. झाडं नाहीत, चक्रं नाहीत. पण त्याच्या बाराची एवढी वाट पूर्वी कोणी पाहिली नव्हती.

त्या वर्षी पाऊस झाला. विहीर भरली, तळं भरलं, नावा सरळ झाल्या. पुढच्या वाढदिवसाला पुन्हा खुर्च्या मांडल्या. जिल्हा अजून भावीच होता. भुजंगनं धरतीला हात लावला आणि तीन गरनाळी उडवल्या.

सगळी वाडी एकदम उभी राहिली.

या वेळी मात्र वडिलांचं न ऐकता तो मागं वळला. लोक उभेच होते. काय झालं ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

"घे भुजंगा," चंद्रप्पा म्हणाले, "उभी राहिली पब्लिक. जिंकलास."

हळूहळू एकेकजण ओशाळून खाली बसला. कोंडाबाई तेवढी बसेना. तिचा हात खुर्चीखाली काहीतरी चाचपत होता. ते हाती लागलं तशी ती निवांत बसली.

तिनं घागर आणलीच होती.