ताज्या झाडाची गोष्ट

एका जंगलात एक झाड होतं.

हसू नका. जंगलात झाडं असतातच, हे मलाही माहीत आहे. पण मुलांनो, हे झाड वेगळं होतं. या उंबराच्या फांद्यांवर पाट्या टांगलेल्या होत्या, आणि जंगलाची सगळी माहिती त्या पाट्यांवर होती.

एक जाड फांदी पाण्याची. एक फळांची. एक वाटांची. पाण्याच्या फांदीला पुढे बारीक फांद्या फुटलेल्या. एक तळ्यांची, एक झऱ्यांची. प्रत्येक झऱ्याची वेगळी पाटी आणि त्या पाटीखाली आजची बातमी. पाणी गोड आहे, पाणी आटलं आहे, पाण्यात मगर आहे, असं. ज्याला जे हवं ती फांदी त्याने उघडायची. नको असेल तेव्हा पानांचा पडदा ओढून मिटायची. हरीण यायचं, मान वर करायचं, हवी ती पाटी बघायचं आणि पळायचं.

पण ज्यांना दिसत नव्हतं त्यांचं काय?

त्यांच्यासाठी झाडावर साळुंक्या नेमलेल्या होत्या. साळुंकी पाटी वाचायची आणि खाली उभ्या असलेल्या प्राण्याला मोठ्याने सांगायची. प्राण्याने म्हणायचं, "पुढे", की ती पुढच्या पाटीवर उडी मारायची. "आत" म्हटलं की फांदी उघडायची. असं पाटी पाटी करत तो हव्या त्या जागी पोचायचा.

भिवरा नावाची एक अस्वलीण रोज यायची. मधाच्या नादात मधमाश्यांनी तिच्या डोळ्यांना अशा काही नांग्या मारल्या, की नजर गेली ती गेलीच. मध मात्र तिने सोडला नव्हता. तिची साळुंकी ठरलेली होती. शेवंता. शेवंता बोलायला चटपटीत आणि स्वभावाने हळवी.

"शेवंते, वाटा उघड."

"वाटा. फांदी उघडली, काकू. पहिली, ओढ्याची वाट. दुसरी, बांबूंची वाट. तिसरी, करवंदांची वाट."

"करवंदांच्या आत जा. काय म्हणतेय?"

"मोकळी."

"निघाले मी."

भिवराला वाटा का विचाराव्या लागत? कारण त्या जंगलात शिकारी यायचे. ते वाटेत खड्डे खणायचे आणि वर पाचोळा पसरायचे. टिटव्या आकाशातून खड्डे हेरायच्या आणि झाडावर कळवायच्या. डोळे असलेल्यांना पाचोळ्याचा संशय तरी येतो. भिवराला फक्त शेवंताचा शब्द होता.

सगळं छान चाललं होतं. आणि मुलांनो, सगळं छान चाललेलं असलं, की कोणीतरी ते सुधारायला येतं.

जंगलाची राणी वाघीण होती. ती शेजारच्या जंगलात पाहुणचाराला गेली. परत आली ती एकच शब्द घेऊन.

"ताजेपणा!" ती म्हणाली. "त्यांचं झाड ताजं असतं. आपलं झाड ताजं का नाही?"

झाडाची व्यवस्था हुप्पाजी नावाच्या वानराकडे होती. हुप्पाजीने दोन्ही हात जोडले. शेपटीही जोडली.

"उद्यापासून ताजं, राणीसरकार."

दुसऱ्या दिवसापासून ताजेपणा सुरू झाला. तो असा. जंगलात कुठेही काहीही बदललं, एखादं आवळ्याचं फळ जरी पिकलं, तरी हुप्पाजी शिट्टी वाजवायचा. मग त्याची वानरं झाडावर चढायची आणि सगळं झाड गदागदा हलवायची. सगळ्या पाट्या खाली पडायच्या. सगळ्या फांद्या मिटायच्या. मग वानरं सगळ्या पाट्या उचलून परत टांगायची. त्यातली एक बदललेली असायची. बाकीच्या होत्या तशाच.

"एवढी एकच पाटी बदलली असती तर?" गजरा हत्तिणीने एकदा विचारलं.

"ताईसाहेब," हुप्पाजी म्हणाला, "ताजेपणा हा सगळ्या झाडाचा असतो."

गजराला ते कळलं नाही, पण वाक्य मोठं असल्यामुळे ती गप्प बसली.

हरणांना फारसा त्रास नव्हता. पाट्या पडल्या की ती दोन पावलं मागे सरायची आणि पाट्या लागल्या की पुन्हा मान वर करायची. हवी ती पाटी त्यांच्या नजरेला लगेच सापडायची.

भिवराचं तसं नव्हतं.

"वाटा. फांदी उघडली. पहिली..." शेवंता सांगायला लागायची. तेवढ्यात शिट्टी. धडाधडा पाट्या. शेवंता फडफडत उडायची आणि सगळं लागल्यावर परत बसायची. कुठे? नियमच होता. झाड नव्याने लागलं, की साळुंकीने बुंध्यापासून सुरुवात करायची.

"झाड," शेवंता म्हणायची. "आपण बुंध्यापाशी आहोत."

"अगं, आत्ता तर वाटांपर्यंत गेलो होतो!"

"हो ना, काकू."

पुन्हा पाणी, पुन्हा फळं, पुन्हा वाटा. पुन्हा शिट्टी. उन्हाळ्याचे दिवस. फळं भराभर पिकत होती आणि झाड भराभर ताजं होत होतं. भिवरा सकाळी यायची आणि ऊन कलेपर्यंत बुंध्यापाशीच असायची.

एका दुपारी ती अगदी टेकीला आली होती. वाटांपर्यंत पोचली. तिसऱ्या पाटीपर्यंत पोचली. करवंदांची वाट. "आत" म्हणायला तिने तोंड उघडलं आणि शिट्टी झाली.

पाट्या पडल्या. पाट्या लागल्या. भिवरा मटकन खाली बसली.

"शेवंते, मला आता नाही होत गं. पोटात अन्न नाही. पाय दुखतायत. मी इथंच झोपते."

शेवंताला भरून आलं. नियम गेला उडत, तिने ठरवलं.

"काकू, थांबा. मला आपली जागा आठवते. वाटांची तिसरी पाटी. मी सरळ तिथंच जाते."

ती भुर्रकन वाटांच्या फांदीवर गेली, तिसऱ्या पाटीवर बसली आणि पाटीखालची बातमी वाचली.

"मोकळी! बेधडक जा, काकू."

"देव तुझं भलं करो," म्हणत भिवरा उठली आणि करवंदांच्या वाटेने घरी निघाली.

आता काय झालं होतं, ते ऐका. पाट्या परत टांगताना वानरांनी वाटांच्या फांदीवर सगळ्यात वर एक नवी पाटी टांगली होती. 'राणीसरकारांच्या फेरफटक्याची वाट.' त्यामुळे बाकीच्या सगळ्या पाट्या एकेक घर खाली सरकल्या होत्या. तिसरी पाटी आता बांबूंच्या वाटेची होती. ती मोकळी होती, यात शंकाच नाही. करवंदांची वाट चौथी झाली होती, आणि तिच्याखाली टिटव्यांची ताजी बातमी लागली होती.

शेवंताला हे कळलं ते थोड्या वेळाने. एका आंधळ्या साळिंदराने वाटा उघडायला सांगितल्या. "चौथी, करवंदांची वाट," ती वाचत होती. "आत. नवा खड्डा. जाऊ नये."

तिचा आवाज तिथेच तुटला. साळिंदर "पुढे, पुढे" म्हणत राहिलं. शेवंता केव्हाच उडाली होती.

करवंदांच्या जाळीजवळ पाचोळा फाटलेला होता आणि जमिनीच्या पोटातून कोणीतरी शिकाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतं.

"काकू!"

"आलीस का? तुझ्या बेधडक वाटेवरच आहे मी. जरा खाली."

"लागलं का हो फार?"

"पुढचा पंजा मुरगळलाय. भिंत निसरडी आहे, चढता येत नाही."

शेवंता खड्ड्याच्या कडेला बसली आणि रडायलाच लागली. "माझं चुकलं, काकू. मी आकडा धरून बसले. नाव वाचलंच नाही. तिसरी म्हणजे करवंदांचीच, असं धरून चालले."

ऊन उतरत होतं. खड्ड्यात काही पडलंय का हे बघायला शिकारी पहाटे येतात, हे दोघींनाही माहीत होतं.

"शेवंते," भिवरा म्हणाली, "रडायचं ते उद्या रड. हवं तर मीही येते सोबतीला. आत्ता कोणाला तरी घेऊन ये."

शेवंता गजराला घेऊन आली. गजराने वाकून बघितलं आणि वाऱ्याने पडलेलं एक सागाचं खोड सोंडेने ओढत आणून तिरकं खड्ड्यात सोडलं. अस्वलाला खोडावर चढायला शिकवावं लागत नाही. भिवरा तीन पायांवर कण्हत वर आली आणि वर आल्या आल्या गजराच्या पायाला मिठी मारून बसली. बराच वेळ सोडेना.

दुसऱ्या दिवशी तिघी हुप्पाजीकडे गेल्या.

"बदललेली तेवढीच पाटी बदला," शेवंता म्हणाली. "बाकीच्या कशाला पाडता? काल काकूंचा जीव गेला असता."

हुप्पाजी हळहळला. त्याला हळहळता छान यायचं.

"फार वाईट झालं. पण असं बघा. एकच पाटी बदलली तर आवाज किती होईल? टिक. बास. राणीसरकार गुहेत बसतात. त्यांना काय ऐकू जाणार? आत्ता सगळं झाड खडखडतं तेव्हा त्या म्हणतात, वा, हुप्पाजी काम करतोय."

"पण काकूंचं काय?"

"चौकशी करतो."

चौकशी झाली. अस्वलीण खड्ड्यात पडली, कारण तिथे खड्डा होता, असा निष्कर्ष निघाला. खड्ड्याला ताकीद देण्यात आली.

भिवरा काही दिवस झाडाकडे फिरकलीच नाही. गुहेच्या तोंडाशी बसून ती हाताला लागतील त्या मुंग्या खायची. शेवंता मात्र झाडावरच होती आणि स्वतःशी काहीतरी पुटपुटत होती. साळुंक्या पुटपुटतातच, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

मग एका सकाळी ती भिवराच्या गुहेपाशी येऊन बसली.

"काकू, झाडाकडे चला."

"नको गं बाई."

"मला एक जमलंय. शिट्टी झाली की झाड पडायच्या आत मी आपली सगळी वाट नावानं पाठ करते. वाटा, मग करवंदांची वाट, मग तिच्याखालची बातमी. कुठल्या फांद्या उघड्या होत्या तेही लक्षात ठेवते. झाड परत लागलं की काही न बोलता बुंध्यापासून निघते, त्या फांद्या उघडते आणि त्याच नावाच्या पाटीवर जाऊन बसते. मग ती कितवी का असेना."

"आणि ती पाटीच गेली असेल तर?"

"तर उगाच शेजारची वाचायची नाही. ती ज्या फांदीवर होती त्या फांदीवर थांबते आणि तुम्हाला सांगते, पाटी आता नाही."

भिवराने मान हलवली. गोष्ट पटण्यासारखी होती. पण मुलांनो, मुरगळलेल्या पंजाला गोष्टी लवकर पटत नाहीत.

तरी ती आली. झाडाखाली उभी राहिली. वाटा उघडल्या, करवंदांच्या पाटीपर्यंत गेली, आणि शिट्टी झाली. धडाधडा, खडखड, फडफड. मग शांतता.

"करवंदांची वाट," वरून शेवंताचा आवाज आला. "आपण होतो तिथंच आहोत, काकू. आत खड्डा आहे. बांबूंच्या वाटेची बातमी वाचू?"

"वाच. पण आधी नाव वाच."

"बांबूंची वाट. मोकळी."

भिवरा बांबूंच्या वाटेच्या तोंडाशी गेली आणि थबकली. पाऊल पुढे पडेना.

"शेवंते, खाली ये. माझ्या पाठीवर बस."

"कशाला?"

"पडलो तर दोघी पडू."

"मला पंख आहेत, काकू. मी नाही पडणार."

"माहीत आहे मला. तरी बस."

शेवंता बसली. भिवराने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. तिच्या पाठीवरच्या केसांत शेवंताची नखं घट्ट रुतली होती. बांबू दोन्ही बाजूंनी कुरकुरत होते. गुहेचा ओळखीचा वास आला तेव्हा भिवराने जो श्वास सोडला, त्याने शेवंता पाठीवरून उडालीच.

शेवंताने ही युक्ती बाकीच्या साळुंक्यांना शिकवली. झाड कितीही वेळा हललं, तरी आंधळे प्राणी आता आपापल्या पाटीवर टिकून राहायला लागले.

पंचाईत झाली ती डोळे असलेल्यांची. जसजशी फळं पिकली, तसतशी झाडाला उसंत मिळेना. धूळ डोळ्यांत जायची. एका सांबराच्या शिंगात 'गोड्या पाण्याचे झरे' अडकले. एका सशाच्या टाळक्यात 'धोके' पडले. मान वर करून उभं राहणं जिवावर बेतायला लागलं.

मग एका हरणाला सुचलं. ते लांब उभं राहिलं, डोळे घट्ट मिटले आणि म्हणालं, "साळुंकीबाई, जरा सांगता का?"

महिन्याभरात सगळं जंगल डोळे मिटून झाडाखाली उभं राहायला लागलं. शांतपणे रांगेत. कोणी खड्ड्यात पडत नव्हतं, कोणी वाट चुकत नव्हतं.

राणीने गुहेतून हे बघितलं आणि तिला गहिवरून आलं.

"आपल्या प्रजेचा झाडावर केवढा विश्वास!" ती म्हणाली. "बघायचीसुद्धा गरज वाटत नाही त्यांना!"

लगेच सभा भरली. झेंडूची फुलं आली. साळुंक्यांना स्वागतगीतासाठी बोलावण्यात आलं आणि गाणं झाल्यावर मागच्या फांदीवर बसायला सांगण्यात आलं. शेवंता गाण्यानंतर भिवराजवळ येऊन बसली.

"टाळ्या कसल्या गं?" भिवराने विचारलं.

"हुप्पाजींना हार घालतायत."

"कशाबद्दल?"

"आपण न पडल्याबद्दल."

भिवराने क्षणभर विचार केला. मग तिनेही टाळ्या वाजवल्या. पंजा अजून थोडा दुखत होता, म्हणून हळूच.

तात्पर्य : मुलांनो, हातून काम बिघडलं तर मुळीच खचू नका. जोमाने बिघडवत राहा. ते सावरणारं कोणीतरी वरच्या फांदीवर असतंच. तुम्ही फक्त हार घालण्याच्या वेळी खाली हजर राहा.