एका कटरात शहाण्णव ठोकळे

स्टेनलेस स्टील कसं कापायचं हे मला कळतं. गेली चौदा वर्षं मी मिलिंग मशीनवर उभा आहे, आणि ज्यांना ते कळत नाही त्यांना मी न विचारताच समजावून सांगतो. हा धातू मोठा मानी. घाबरत घाबरत कटर फिरवलात, की तो घासून घासून आणखी कडक होतो आणि कटरचेच दात पाडतो. त्याला गोंजारायचं नाही, सरळ घास घ्यायचा. तरीसुद्धा आमच्याकडे कार्बाइडचा चांगला कटर बारा नगांत बोथट होतो. तेराव्याला मशीन असं किंचाळतं, की शेजारच्या कारखान्यातली माणसं खिडकीत येतात.

त्या आठवड्यात दुधाच्या डेअरीतल्या यंत्रासाठी शहाण्णव ठोकळे करायचे होते. मी फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, वाढवला, धातू थंड ठेवणाऱ्या कूलंटची धार नेमकी कटरच्या दातांवर धरली आणि सुरुवात केली. बारा झाले. कटर ठणठणीत. चोवीस झाले. आवाज असा, जणू लोणी कापतोय. लेथवरचे मिस्त्री दोनदा येऊन डोकावून गेले.

"कटर बदलला नाहीस अजून?"

"गरज नाही पडली," मी छताकडे बघत म्हणालो. थोर माणसं असंच कुठेतरी बघत बोलतात.

दोन दिवसांत शहाण्णव ठोकळे, आणि कटर एक! मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून चक्क बसायला सांगितलं. चौदा वर्षं मी त्या खुर्चीच्या शेजारी उभा राहत आलो होतो. "कटर कंपनीच्या माणसाला उद्या दहाला बोलावलंय," ते म्हणाले. "तुझी पद्धत त्याला नीट समजावून सांग."

उरलेल्या तुकड्यातून मी एक जादा ठोकळा केला होता. तो घरी नेऊन बायकोच्या हातात दिला.

"याला कधी गंज चढायचा नाही," मी म्हणालो. "नातवंडांना दाखवू."

तिने तो तेलकट आहे म्हणून साबणाने खसाखसा धुतला आणि बेसिनजवळ पांढऱ्या नॅपकिनवर ठेवून दिला.

सकाळी दाढी करत होतो, तेवढ्यात तिची हाक आली. "अहो, जरा इकडे या."

नॅपकिनवर चौकोनी तांबूस डाग पडला होता. ठोकळ्याच्या अंगावर गोवर उठल्यासारखे ठिपके होते.

"नातवंडांना हेच दाखवायचंय ना?"

"पाण्यात काहीतरी असेल," मी म्हणालो.

"त्याच पाण्यात मी चमचे धुते. त्यांना काही होत नाही."

मी अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं. आमच्या कामातल्या स्टेनलेसला ते चिकटत नाही. या ठोकळ्याला मात्र ते लांबूनच झेप घेऊन चिकटलं.

मग सगळं लख्ख आठवलं. सोमवारी स्टोअरवाले बाहेर गेले होते. मी घाईत होतो, म्हणून मांडणीतल्या सळया स्वतःच उचलल्या. वरच्या खणात स्टेनलेस असतं, खालच्या खणात साधं पोलाद. दोन्ही नवीन असताना सारखीच चकचकीत दिसतात. मी खालचा खण रिकामा केला होता. म्हणजे माझा कटर दोन दिवस साधं पोलाद कापत होता. त्याला काय धाड भरणार होती? आणि ते गंजके ठोकळे आता डेअरीत दुधाला लागणार होते.

धावतपळत कारखान्यात पोचलो. खोकी टेम्पोत चढत होती. दारातच मालक आणि बॅग घेतलेला कटर कंपनीचा माणूस उभे.

"हाच तो," मालक म्हणाले.

"साहेब, यात माझं काही कर्तृत्व नाही," मी म्हणालो.

"बघा," मालक त्याला म्हणाले, "कारागीर असा असावा."

"साहेब, खरंच सांगतो, चूक झालीय. सळयाच तशा होत्या."

"सळयांनाही श्रेय देतोय," कटरवाला गहिवरून म्हणाला. "मी आमच्या मुख्य ऑफिसला कालच कळवलंय. आमच्या कटरचा विक्रम आहे हा."

मग मी बोलणं सोडलं. टेम्पोतलं एक खोकं उघडलं आणि खिशातलं लोहचुंबक वरच्या ठोकळ्याला लावलं. ते चिकटलं. दुसऱ्याला लावलं. तेही चिकटलं. मालकांनी ते माझ्या हातातून घेऊन स्वतः पाच-सहा ठोकळ्यांना लावून पाहिलं. टेम्पोवाल्याने आपणहून इंजिन बंद केलं.

"माल उतरवा," मालक शेवटी म्हणाले. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "निदान निघायच्या आधी बोललास."

मला वाटलं होतं त्यापेक्षा हे फारच सौम्य होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. शहाण्णव ठोकळे पुन्हा केले, या वेळी खऱ्या स्टेनलेसचे. माझी सगळी पद्धत वापरली, फीड, धार, घास, सगळं. आठ कटर लागतील असा हिशेब होता. अकरा लागले, कारण पहिले तीन मी घाबरत घाबरत फिरवून वाया घालवले.

महिनाअखेरीस कटर कंपनीच्या माणसाचा फोन आला. आमच्या भागात सगळ्यात जास्त कटर खपवल्याबद्दल त्याला मनगटी घड्याळ बक्षीस मिळालं होतं. आभार मानताना तो पुन्हा गहिवरला होता.