चार नंबरच्या खोलीची मिनिटं

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी कुलपांच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये स्टोअरच्या कारकुनाच्या नाकातून घळाघळा रक्त वाहू लागलं. तिघांनी त्याचं डोकं मागे धरलं. चौथ्याने त्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. कोपऱ्यातल्या टेबलावर एकटाच जेवत बसलेला माणूस उठला, त्याने सगळ्यांना बाजूला सारलं, कारकुनाचं डोकं पुढे वाकवलं आणि त्याचं नाक चिमटीत धरलं.

"तोंडाने श्वास घ्या. दहा मिनिटं कोणी बोलू नका."

कोणी बोललं नाही. दहा मिनिटांनी रक्त थांबलं, तरीही कोणी बोललं नाही. कारण नाक धरणारा माणूस म्हणजे 'कात्री' होती.

हे नाव त्या माणसाने कमावलेलं नव्हतं, त्याला ते खोलीबरोबर मिळालं होतं. तीन वर्षांपूर्वी असाच एक सल्लागार कारखान्यात आला होता. तो चार नंबरच्या खोलीत बसला, गोड हसला आणि गेला तेव्हा चौदा खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. आता सहा आठवड्यांपूर्वी त्याच खोलीत हा दुसरा आला. कामगारांचा वेळ कुठे वाया जातो ते शोधून काढायचं, हे त्याचं काम. तो कँटीनमध्ये ज्या टेबलावर बसे ते टेबल असं भराभर रिकामं होई, जणू त्याच्या ताटात गोवर वाढला होता.

"तुम्हाला हे नाकाचं कसं काय माहीत?" कारकुनाने कापूस कोंबलेल्या नाकाने विचारलं.

"मी डॉक्टर होतो. बारा वर्षं."

"होतो म्हणजे?"

"दवाखाना बंद केला."

"बंद केला ना? विसरला तर नाही?"

डॉक्टर उठून हात धुवायला गेले. आपणही त्यांना आता डॉक्टरच म्हणू, कारण दुसऱ्या दिवशी सकाळपासून कारखानाही तेच म्हणू लागला.

दवाखाना बंद करण्याचं कारण डॉक्टरांनी सगळ्यांना वेगवेगळं सांगितलं होतं, खरं फक्त बायकोला. दिवसाला ऐंशी माणसं येत, ऐंशीच्या ऐंशी आपापली दुखणी टेबलावर ठेवून जात. बारा वर्षांत एकानेही 'तुमचं कसं चाललंय' म्हणून विचारलं नव्हतं. "मला माणसं नकोत," ते म्हणाले होते, "आकडे हवेत. आकडे गप्प असतात." बायको शाळेत शिकवत होती आणि मुलगी दहावीत होती, त्यामुळे दोघी मागेच राहिल्या. निघताना बायको म्हणाली होती, "माणसं नकोत म्हणून घर सोडणारे साधू असतात. तू लॅपटॉप घेऊन चाललायस, एवढाच फरक."

आकडे खरोखरच गप्प होते. लॉजच्या खोलीत तर इतके गप्प, की डॉक्टर रोज संध्याकाळी गीझरशी बोलू लागले होते.

मंगळवारी सकाळी कारकून चार नंबरच्या खोलीत आला. सोबत पॅकिंगमधल्या मावशी होत्या, मावशींच्या हातात जाडजूड फाइल.

"मावशींना पॅकिंगच्या खर्चाबद्दल बोलायचंय," कारकून म्हणाला आणि दार लावून घेतलं. मावशींनी फाइल उघडली. आत गुडघ्याचा एक्स-रे होता.

"हे बघा, मी इथे तपासायला बसलेलो नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे जा."

"जाते की. पण आधी तुम्ही सांगा, जाऊ का?"

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला. त्या बारा मिनिटांत ते जेवढं बोलले, तेवढं मागच्या सहा आठवड्यांत मिळून बोलले नव्हते.

बुधवारी नऊ जण आले, गुरुवारी चौदा. प्रत्येकाकडे फाइल होती आणि एकाही फाइलमध्ये कुलपांविषयी अवाक्षर नव्हतं. कोणाची साखर, कोणाची आई, कोणाची जावयाला सांगता न येणारी मूळव्याध. डॉक्टर औषध एकालाही देत नव्हते. कोणाकडे जायचं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, एवढंच सांगत. दाराबाहेर बाकडं आलं. कारकुनाने स्टोअरच्या चिठ्ठ्यांवर नंबर लिहून वाटायला सुरुवात केली आणि कोणी पुढे घुसलं की तो "पेशंट आहे आत!" म्हणून दटावू लागला.

"आज आवाज बरा वाटतोय तुझा," संध्याकाळी फोनवर बायको म्हणाली. "कोणी भेटलं वाटतं?"

"माणसं भेटली."

"किती?"

"चौदा."

"म्हणजे दवाखानाच की रे! मग घरी का नाही येत?"

डॉक्टरांनी नेटवर्क गेल्याचं कारण सांगून फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी डॉक्टरांची सहायक आकडे घेऊन आली. सल्लागार कंपनीने तिला त्यांच्यासोबत पाठवलं होतं. दिवसभर हातात स्टॉपवॉच घेऊन कोण जागा सोडून कुठे जातो ते ती टिपत असे, म्हणून कारखान्यात तिचं नाव 'टिकटिक' पडलं होतं.

"सर, सापडलं," ती म्हणाली. "कारखान्याचा सगळ्यात जास्त वेळ एकाच ठिकाणी जातो. दिवसाला दोनशे मिनिटं. साच्याचं यंत्र बंद पडतं त्यापेक्षाही जास्त."

"कुठे?"

"चार नंबरच्या खोलीत."

डॉक्टरांनी खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात कोणीतरी विसरलेला कमरेचा पट्टा होता.

"ही खोली माझी आहे, हे तुला माहीत आहे ना?"

"मी फक्त खोल्यांचे नंबर लिहिते. माणसांची नावं लिहायची नाहीत, असं तुम्हीच सांगितलंत."

"बुधवारी तूही आली होतीस. मान दाखवायला."

"ती अकरा मिनिटं धरलीयत, सर."

सोमवारी हा तक्ता मालकीणबाईंपुढे ठेवायचा होता. कंपनीचे मोठे साहेब पडद्यावर हजर राहणार होते आणि डॉक्टरांना नोकरीत कायम करायचं की नाही, ते त्याच बैठकीनंतर ठरणार होतं. शनिवारभर डॉक्टर त्या दोनशे मिनिटांना जागा शोधत बसले. त्यांनी ती 'इतर' या रकान्यात टाकली, तर आलेखात 'इतर'चा खांब सगळ्यांत उंच झाला. मग त्यांनी ती स्वच्छतागृहात ढकलली. त्या आकड्यांवरून अख्ख्या कारखान्यात जुलाबाची साथ पसरल्याचं दिसू लागलं, आणि हे डॉक्टर म्हणून त्यांना पटेना. शेवटी ती मिनिटं त्यांनी होती तिथे परत आणून ठेवली. बारा वर्षं त्यांनी कधी खोटा रिपोर्ट लिहिला नव्हता.

सोमवारी मालकीणबाईंनी चष्मा वर सरकवून तक्ता पाहिला.

"हा मनोरा कसला?"

"चार नंबरची खोली," डॉक्टर म्हणाले.

"कोण बसतं तिथे?"

उत्पादनप्रमुख छताकडे पाहू लागले. गुरुवारी ते टाचा दाखवून गेले होते.

"मी बसतो."

"आणि काय चालतं?"

"माणसं येऊन बोलतात."

पडद्यावरचे साहेब खाकरले. "कारण कळलं. उपाय काय सुचवता?"

डॉक्टरांनी खिशातल्या स्टोअरच्या चिठ्ठीवर बोट फिरवलं. सकाळी कारकुनाने दाखवायला आणलेली ती दिवसाची पहिली चिठ्ठी होती. बैठकीमुळे आज खोली बंद राहील, हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

"खोली बंद करावी."

"कधीपासून?"

"लगेच."

मालकीणबाईंनी तिथल्या तिथे सही केली. साहेब भलतेच खूश झाले. कंपनीचा सल्ला एखाद्याने एका मिनिटात अमलात आणल्याचं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. "अभिनंदन! तुम्ही कायम झालात असंच समजा," ते म्हणाले आणि पडद्यावरून नाहीसे झाले.

दुपारी चार नंबरच्या दाराला कारखान्यातलंच सात लिव्हरचं कुलूप लागलं. 'खोली बंद आहे' अशी पाटी आली, का बंद आहे ते कोणी लिहिलं नाही. डॉक्टरांना वरच्या मजल्यावर मालकीणबाईंच्या शेजारची काचेची केबिन मिळाली. तिथे कोणी फिरकत नसे, कारण वाट मालकीणबाईंच्या दारावरून होती. कँटीनमध्ये आता टेबल उठून जात नव्हतं, मुळात कोणी येऊन बसतच नव्हतं. टिकटिक हातात घड्याळ घेऊन दाराशी उभी असायची. कारकुनाने लांबूनच मीठ हवंय का, असं खुणेने विचारलं. डॉक्टरांनी खुणेनेच नको म्हटलं.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "आज किती?"

"कायम झालो," ते म्हणाले.

"मी माणसं विचारतेय."

त्यांनी विषय मुलीच्या परीक्षेवर नेला.

गुरुवारी दुपारी चारला टिकटिक केबिनमध्ये आली. पहिल्यांदाच तिचा चेहरा गोंधळलेला दिसत होता.

"सर, वाचवलेली दोनशे मिनिटं कामावर परत आलेलीच नाहीत."

"मग गेली कुठे?"

"चार नंबरच्या खोलीत."

"अगं, ती बंद आहे."

"हो. बंद खोलीसमोर. आज दोनशे चाळीस."

डॉक्टर काचेपाशी गेले. खाली व्हरांड्यात बाकडं होतं तिथेच होतं. बाकड्यावर चार जण, बाकीचे भिंतीला टेकून. पहिल्या दिवशी माणसं खोली उघडेल म्हणून थांबली होती. थांबल्या थांबल्या त्यांनी एकमेकांचे एक्स-रे पाहिले. आता मावशी एका फिटरला गुडघ्याचा व्यायाम करून दाखवत होत्या. उत्पादनप्रमुख चपला काढून टाचांबद्दल काहीतरी सांगत होते आणि दोघंजण कान देऊन ऐकत होते. मध्येच सगळे खो खो हसले. काचेतून आवाज येत नव्हता, नुसते दात दिसत होते.

"तक्त्यात काय लिहू?" टिकटिकने विचारलं.

डॉक्टर केबिनबाहेर पडले. ते जिना उतरून खाली गेले. व्हरांड्यात हसणं थांबलं, मालकीणबाईच आल्या की काय म्हणून उत्पादनप्रमुखांनी घाईने चपला घातल्या. डॉक्टर रांगेच्या शेवटी जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. कारकून चिठ्ठ्यांत डोकं घालून बसला होता. त्याने वर न बघताच एक चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. सात नंबर. मग त्याने वर पाहिलं.

"डॉक्टर? तुम्ही इकडे कुठे? कुलपाची किल्ली तर वर आहे."

"किल्ली नकोय."

टिकटिक मागोमाग आली होती. तिने सवयीने घड्याळाचं बटण दाबलं. सहा नंबरला मावशी होत्या. त्यांनी फिटरचा पाय खाली ठेवला, डॉक्टरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि बाकड्यावर सरकून जागा केली.

"बसा," त्या म्हणाल्या. "सांगा आता, तुम्हाला काय होतंय?"

डॉक्टर बसले. त्यांनी चिठ्ठीची एकदा घडी घातली, मग दोनदा. चार वाजून दहा मिनिटांनी टिकटिकच्या घड्याळात चार नंबरच्या बंद खोलीसमोर सात माणसांची नोंद होती. सातव्याची मिनिटं चालू होती आणि तो अजून काही बोलला नव्हता.