अग्निशमन केंद्रातील दीर्घ श्वास

संकट टाळणे माणसाच्या हाती नसते. पण संकट चालू असताना प्रसन्न राहणे सर्वस्वी त्याच्याच हाती असते. संकट दुसऱ्याच्या घरी असेल तर ते अधिकच सोपे जाते.

हे ओळखून अग्निशमन केंद्राच्या साहेबांनी कर्मचाऱ्यांना सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे, प्रशिक्षण दिले. पूर्वी इथे फोन वाजला की लगेच उचलत, पत्ता घेत आणि गाडी सोडत. (या घिसाडघाईत कर्मचाऱ्यांच्या मनाचा विचारच होत नसे.) नव्या पद्धतीत आधी घंटेचा नाद नुसता ऐकायचा, मग तीन दीर्घ श्वास, मग फोन. पत्ता सांगणाऱ्यालाही श्वास घ्यायला लावायचे. धुरामुळे जमत नसेल तर फार आग्रह धरायचा नाही. आग चांगली की वाईट, हे आपण ठरवायचे नाही.

फोनवरच्या ताई यात इतक्या तयार झाल्या की गाडीच्या चालकाला त्यांनीच शिकवले. केंद्राकडे येणाऱ्या तक्रारी निम्म्यावर आल्या. (तक्रार करायला माणूस मागे उरावा लागतो, ही बाब अहवालात घेतलेली नाही.)

एका दुपारी फोन वाजला. ताईंनी घंटा मन लावून ऐकली, श्वास घेतले, फोन उचलला आणि सवयीने म्हणाल्या, "आधी दीर्घ श्वास घ्या."

"श्वासच तर घेता येत नाहीये, सूनबाई! मी बोलतोय. पडदे पेटलेत, दार उघडत नाही!"

आवाज सासऱ्यांचा होता. घरचे सगळे नको म्हणत असताना याच सासऱ्यांनी त्यांना नोकरीवर पाठवले होते. त्या धावत सुटल्या. "गाडी काढा! माझ्या घराला आग लागलीय!"

चालकाने डोळे मिटले होते. "ताई, 'माझ्या' हा शब्द सोडून द्या. नुसती आग पाहा."

"अहो, म्हातारा माणूस आत अडकलाय!"

"दुसरा श्वास चाललाय. तुम्हीच शिकवलंत ना?"

ताईंनी त्याची कॉलर धरून त्याला गाडीत बसवले. तिसरा श्वास राहूनच गेला.

या प्रकाराची रीतसर चौकशी झाली. चालकाला प्रशस्तिपत्र मिळाले. ताईंना आरडाओरड केल्याबद्दल समज देऊन पुन्हा प्रशिक्षणाला बसवले. समितीने सर्व बाजू ऐकून घेतल्या, चहा घेतला आणि सभा संपवली.

सासऱ्यांचे पुढे काय झाले, हे समितीने विचारले नाही. वाचकहो, तुम्हीही प्रशस्तिपत्रापर्यंत आरामात वाचत आलात. तुमचे प्रशिक्षण कुठे झाले, तेवढे कळवा.